किडनी, डायलिसिस आणि अवयवदान: ठाणे-नवी मुंबईच्या कट्ट्यांवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल ह्या पट्ट्यात सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक कट्टे, महिला मंडळं, गणपती मंडळं अशा ठिकाणी किडनी आणि अवयवदानावर बोलायला जातो. सगळीकडे प्रश्न साधारण तेच येतात, फक्त विचारणाऱ्याचा आवाज वेगळा. मग म्हटलं एकदा लिहूनच टाकू. तुमचं औषध, तुमचा डोस हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे ते सापडणार नाही.

मला काहीच त्रास नाही, लघवी व्यवस्थित होते, मग किडनीची टेस्ट कशाला करायची?

कारण किडनी बोंब मारत नाही. पाय सुजणं, भूक मरणं, मळमळ, दम लागणं, अंगाला खाज ही सगळी लक्षणं येतात तेव्हा बरंचसं काम बिघडून गेलेलं असतं. कित्येकांना किडनीचं काम पाव हिश्श्यावर आलं तरी काही जाणवत नाही, ऑफिस चालू, लोकल चालू, लग्नकार्य चालू, आणि मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं की एकदम कळतं. लघवी भरपूर होते म्हणजे किडनी चांगली हा तर सगळ्यात मोठा गैरसमज, किडनी खराब होत असतानाही लघवी भरपूर होऊ शकते, प्रश्न त्यातून घाण बाहेर पडते का आणि प्रोटीन आतच राहतं का हा आहे. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ राहत असेल तर प्रोटीन जात असण्याची शक्यता असते, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

मग नक्की कुठली टेस्ट? लॅबवाले तर मोठं पॅकेज गळ्यात मारतात.

पॅकेज नको. दोनच गोष्टी मागा. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, रिपोर्टवर छापायला सांगा) आणि लघवीतला एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. लोक पहिली करतात आणि दुसरी सोडून देतात, खरं म्हणजे शुगरवाल्यांमध्ये गडबड बऱ्याचदा आधी दुसरीतच दिसते. एसीआर ३० च्या खाली असावा. त्याच्या वर आला तर लगेच घाबरायचं नाही, ताप, इन्फेक्शन, आदल्या दिवशीची दमवणारी धावाधाव ह्यानेही वाढतो, पुन्हा करून बघतात. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात, १५ च्या खाली गेला की डायलिसिस-ट्रान्सप्लांटची भाषा सुरू होते.

माझं क्रिएटिनिन १.२ आहे, लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलंय. मग झालं ना?

इथेच बहुतेक जण फसतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे तोच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. १.२ हे तीस वर्षांच्या पुरुषात असेल तर ईजीएफआर साधारण ८३ येतो. आणि तेच १.२ पासष्ट वर्षांच्या बाईत असेल तर ईजीएफआर ५० च्या आसपास, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे, किडनीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ. आपल्याकडे आज्ज्यांचे रिपोर्ट "नॉर्मल आहे हो" म्हणून फाइलला लागतात ते ह्याचमुळे. आकडा नाही, ईजीएफआर बघा, आणि जुने रिपोर्ट फेकू नका, आज काय आहे त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांत कुठून कुठे आलं हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

वर्षातून एकदा कोणी करायचीच?

डायबेटिस, बीपी, हार्टचा त्रास, घरात कोणाला किडनीचा आजार, वारंवार मुतखडा, पुरुषांमध्ये वाढलेलं प्रोस्टेट, आणि वर्षानुवर्षं पेनकिलर खाणारे. साठीच्या पुढचे सगळेच. घरात पॉलिसिस्टिक किडनी असेल तर मुलांनी सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावं, तो आजार आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी असते.

शुगरच्या गोळ्या खाऊन खाऊनच किडनी जाते असं आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं आहे.

शेजारचे काका प्रत्येक सोसायटीत असतात. उलट आहे हो. किडनी जाते ती वाढलेल्या शुगरने आणि वाढलेल्या बीपीने, आपल्या देशात किडनी फेल होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. पण होतं असं की माणूस दहा वर्षं गोळी घेतो, अर्धवट घेतो, शुगर दोनशे-अडीचशेच राहते, मग किडनी बिघडते आणि दोष गोळीवर जातो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल ह्या बीपीच्या गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी तर कित्येकांना किडनी जपण्यासाठीच देतात. मेटफॉर्मिनही किडनी खराब करत नाही, फक्त किडनी आधीच खूप कमी काम करत असेल तर डोस कमी करतात किंवा बंद करतात, आणि लोकांना वाटतं बघा, डॉक्टरांनीच बंद केली म्हणजे तीच वाईट होती. बीपी साधारण १३०/८० च्या खाली राहील असं बघा. आणि बीपीची गोळी "आता नॉर्मल आलं" म्हणून बंद करू नका, नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

गुडघे दुखतात, मेडिकलमधून पेनकिलर आणते. एखादी रोज चालेल?

रोज नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली, किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. तरुण धडधाकट माणसाने दात दुखला म्हणून दोन दिवस घेतली तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण साठीची बाई, बीपीची गोळी चालू, लघवी साफ होण्याची गोळी चालू, उन्हात बाजार करून आलेली, जेवणात पाणी कमी, आणि वर ही पेनकिलर, हे सगळं एकत्र आलं की किडनीला एकदम झटका बसू शकतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, डोस सांभाळून. आमचं म्हणणं एवढंच, मेडिकलवाल्याला "दुखायची गोळी द्या" म्हणायच्या आधी आपल्याला बीपी-शुगर-किडनीचं काय आहे ते त्याला सांगा, आणि शक्यतो त्याला विचारूच नका, डॉक्टरांना विचारा.

पाणी किती प्यायचं? कोणी म्हणतं दिवसाला पाच लिटर.

पाच लिटर कशाला. धडधाकट माणसाने आपल्या ह्या घामट हवेत लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्यायचं, बऱ्याच जणांना ते दोन-अडीच लिटरच्या आसपास बसतं, उन्हात काम करणाऱ्याला जास्त. एपीएमसी मार्केटमधले माथाडी, रस्त्यावरचे डिलिव्हरीवाले, बांधकामावरचे लोक, ह्यांनी खरंच जास्त प्यावं आणि त्यांना पाणी मिळेल हे मुकादमाने बघावं. जास्त पाणी प्यायल्याने किडनी "धुतली" जात नाही. ती एरवीही दिवसाला साधारण १८० लिटर गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर बाहेर टाकते, तुमच्या बाटलीची ती वाट बघत बसलेली नाही.

आणि ज्यांची किडनी आधीच खराब आहे, सूज आहे, डायलिसिस चालू आहे त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, चहा, ताक, आमटी, बर्फ सगळं धरून. त्यांना "पाणी पी, पाणी पी" करू नका.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. बायका पनवेल, खोपोलीपासून ठाण्या-मुंबईपर्यंत प्रवास करतात आणि वाटेत धड टॉयलेट नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, दुपारपर्यंत लघवी तुंबवून ठेवतात. ह्याने युरीन इन्फेक्शन वारंवार होतं, खडे होतात. ह्यात त्यांची चूक शून्य आहे. स्टेशनांवर स्वच्छ आणि चालू टॉयलेट असणं हा किडनीच्या आरोग्याचाच प्रश्न आहे, नगरसेवक मतं मागायला आले की हे विचारा.

मीठ कमी म्हणजे किती कमी? आमच्याकडे तर सुकट-बोंबलाशिवाय जेवण नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं: भाजी, चपातीचं मीठ, लोणचं, पापड, फरसाण, वडापावची चटणी, बेकरीचे खारी-टोस्ट. आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. आगरी-कोळी घरांत सुकी मासळी बंद करा असं सांगितलं तर आम्हाला दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच आहे. सुकट, सुके बोंबील कोमट पाण्यात दोनदा धुवून घ्या, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून एखादवेळा करा. खारवलेली मासळी मात्र बीपीवाल्याने खरंच सोडावी. ताटात मीठ वाढायची पद्धत बंद केली तरी फरक पडतो. पंधरा दिवस अळणी लागतं, मग जीभ सरावते.

सैंधव चालतं ना?

नाही, तेही मीठच आहे, सोडियम जवळजवळ तेवढंच. आणि "लो सोडियम" नावाने मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते नुसत्या बीपीवाल्याला चालू शकतं पण किडनी खराब असलेल्याला धोकादायक, पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं. नारळपाण्याचंही तेच. पेशंटला भेटायला जाताना सगळे प्रेमाने शहाळं नेतात, किडनीच्या पेशंटला ते नेऊ नका. करमळ, म्हणजे ते चांदणीसारखं आंबट फळ, तर त्याने अजिबात खाऊ नये.

मुलगा जिमला जातो, प्रोटीन पावडर घेतो. किडनी खराब होईल का?

किडनी चांगली असेल तर योग्य प्रमाणातलं प्रोटीन सहसा नुकसान करत नाही, आधी एकदा क्रिएटिनिन आणि एसीआर करून घ्यावं म्हणजे झालं. क्रिएटिन घेत असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं, आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं तरी दिसतं, हे डॉक्टरांना सांगायचं. आम्हाला काळजी डब्याची नाही, डब्याबरोबर ट्रेनर जी "अजून एक गोष्ट" देतो तिची आहे. स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि लेबल नसलेल्या पुड्या, ह्यांना सरळ नाही म्हणायचं.

किडनी साफ करणारा काढा व्हॉट्सॲपवर आलाय, घेऊ का?

नको. किडनी साफ करावी लागत नाही, ती दुसऱ्या सगळ्याची सफाई करते. काही झाडपाल्यात किडनीला घातक द्रव्यं असतात, काही भस्मांमध्ये पारा, शिसं सापडलेलं आहे, आणि पुडीवर काय आहे हे लिहिलेलंच नसतं. आयुर्वेदाचं औषध घेत असाल तर डिग्रीवाल्या वैद्यांकडूनच घ्या आणि तुमच्या किडनीच्या डॉक्टरांपासून ते लपवू नका, लपवण्यामुळेच जास्त घोळ होतो.

ह्याच माळेतली दुसरी गोष्ट म्हणजे गोरं करणारी क्रीम. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या बायकांची बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल, पार्लरमधून आणलेल्या क्रीमने किडनीला सूज आली आणि क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतून आत जातो. कंपनीचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, आठ दिवसांत उजळपणाची गॅरंटी, अशी डबी दिसली की कचऱ्यात.

पावसाळ्यात किडनीचा काय संबंध?

आपल्याकडे फार आहे. गुडघाभर पाण्यातून चालत स्टेशन गाठायचं हे दरवर्षीचंच, त्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते, पायाला जखम असली की लेप्टो होतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, ही लक्षणं आणि आठवडा-दोन आठवड्यांत पाण्यातून चालल्याचा इतिहास, हे दोन्ही डॉक्टरांना एकत्र सांगा. साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर प्रतिबंधक गोळी घ्यायची का हे ७२ तासांच्या आत जवळच्या पालिका दवाखान्यात जाऊन विचारा. मलेरिया, डेंगी, जोरदार जुलाब-उलट्या ह्यानेही किडनी अचानक बंद पडू शकते, वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकांची परत चालू होते. जुलाब चालू असताना शुगर-बीपीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, कुठल्या ते फोन करून विचारा, स्वतः ठरवू नका.

मुतखड्यासाठी बियर?

नाही.

दूध-टोमॅटो बंद?

दूध तर अजिबात बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेटचे खडे उलट वाढतात. पाणी वाढवा, मीठ कमी करा. खडा अडकून किडनीला सूज आली असेल तर "पडेल हळूहळू" म्हणत महिने काढू नका, तुंबलेली किडनी आतून झिजत जाते.

डायलिसिस लागला म्हणजे संपलंच ना सगळं?

असं म्हणणारे बहुतेक नातेवाईक असतात, पेशंट नसतात. साधारण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, कंटाळवाणं आहे, थकवा येतो, पैसे आणि रिक्षाभाडं जातं, नोकरी सांभाळणं कठीण होतं, हे सगळं खरं. पण लोक डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगतात, काम करतात, नातवंडांची लग्नं लावतात. घरच्या घरी पोटातून करायचा डायलिसिसही असतो, त्याबद्दल आपल्याकडे कमी बोलतात, सेंटरपासून लांब राहणाऱ्याने डॉक्टरांना आवर्जून विचारावं. ईजीएफआर खाली जातोय असं दिसलं की हातातला फिश्चुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, आधीच करून घ्यावा लागतो कारण तो तयार व्हायला काही आठवडे-महिने लागतात. लोक घाबरून टाळतात, मग ऐन वेळी मानेत नळी टाकावी लागते आणि तिला इन्फेक्शन जास्त होतं. फिश्चुलाच्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, नर्स नवीन असेल तर तुम्हीच सांगा.

गणपतीला कोकणात जायचं असतं, दरवर्षी हा प्रश्न येतोच. जा की. निघायच्या बऱ्याच आधी गावाजवळच्या डायलिसिस सेंटरला फोन करून तारखा बुक करा, तुमच्या सेंटरकडून शेवटचे रिपोर्ट आणि सेटिंग लिहून घ्या. "दोन दिवस पुढे ढकलतो" हे मात्र नको, सलग गॅप पडला की दम लागून मध्यरात्री गाडी शोधायची पाळी येते, आणि तेव्हा मुंबई-गोवा हायवेवर काय हाल असतात ते सांगायला नको.

एक किडनी दिली तर देणाऱ्याचं काय?

नीट तपासून घेतलेला दाता एका किडनीवर नॉर्मल आयुष्य जगतो. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि काम वाढवते, काही महिन्यांत दोघींच्या मिळून होणाऱ्या कामाच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत पोचते. आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीने काढतात, दाता काही दिवसांत घरी. पुढे वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, एसीआर आयुष्यभर करायचं. धोका शून्य आहे असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, कमी आहे, शून्य नाही, आणि म्हणूनच डायबेटिसवाल्याला सहसा दाता म्हणून घेत नाहीत.

इथे एक गोष्ट आम्हाला खटकते ती लिहितोच. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायका जास्त आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त. नवऱ्याची गेली तर बायको देणारच हे घरात न बोलता ठरलेलं असतं, बायकोची गेली की "बघू, वेटिंग लिस्टला नाव टाकू". दात्याशी डॉक्टर आणि को-ऑर्डिनेटर वेगळं, एकटीशी बोलतात, तिथे "मला द्यायची नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि ते बाहेर घरच्यांना सांगत नाहीत, दाता योग्य नाही एवढंच सांगतात. वहिनी, हे वाचत असाल तर लक्षात ठेवा.

कायद्याने कोण देऊ शकतं? ब्लड ग्रुप जुळला नाही तर?

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ मध्ये त्यात बदल झाले. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरतात. बाकी कोणी द्यायची तर ऑथोरायझेशन कमिटीपुढे जावं लागतं आणि पैशाचा व्यवहार नाही हे पटवावं लागतं. ग्रुप जुळत नसेल तर दोन मार्ग. एक, खास उपचार करून वेगळ्या ग्रुपची किडनी बसवणं, खर्च जास्त. दुसरा स्वॅप, म्हणजे तुमच्या घरचा दाता त्यांच्या पेशंटला आणि त्यांचा तुमच्या पेशंटला, हे कायदेशीर आहे, हॉस्पिटलला तुमची जोडी स्वॅपसाठी नोंदवा म्हणून सांगा.

पैसे देऊन किडनी "अरेंज" करून देतो म्हणणारा फेसबुकवर भेटला तर तो फसवा आहे. आणि नसला तरी गुन्हा आहे, ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड.

वेटिंग लिस्टमध्ये वशिला चालतो का?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, रायगडचं काम मुंबईची झेडटीसीसी बघते, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला वेगळ्या आहेत. ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या हॉस्पिटलमार्फत नाव लागतं, ठाण्यात ज्युपिटर, बेलापूरला अपोलो अशी केंद्रं आपल्या भागात आहेत. मिळालेला अवयव कोणाला जाणार हे ब्लड ग्रुप, किती दिवस डायलिसिसवर आहे वगैरे गोष्टींच्या गुणांवर ठरतं. २०२३ पासून नाव नोंदवायला ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि त्याच राज्यातलं रहिवासी असण्याची अटही काढलीय. वशिल्याने रांग पुढे सरकत नाही, रांग लांब आहे ती दाते नसल्यामुळे. २०२३ मध्ये देशात १८ हजारांहून जास्त ट्रान्सप्लांट झाली आणि त्या पूर्ण वर्षात मृत्यूनंतर अवयव देणारे किती, तर अकराशेच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशात.

ब्रेन डेड म्हणजे कोमाच ना? छाती तर हलत असते.

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये म्हणून इथे शांतपणे वाचा. कोमात मेंदू जिवंत असतो, माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूचा खोडाकडचा भाग, जिथून श्वास चालतो, तो कायमचा गेलेला असतो. व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून छाती हलते, ऑक्सिजन मिळतो म्हणून हृदय काही काळ धडधडतं, अंग गरम लागतं. बघणाऱ्या आईला ते झोपलेलं लेकरू वाटतं, तिला दोष कसा द्यायचा. पण तो मृत्यूच आहे, कायद्यानेही. चार डॉक्टरांचं पॅनल तपासतं, कमीत कमी ६ तासांनी सगळ्या टेस्ट पुन्हा करतात, त्यात व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून स्वतःहून श्वास येतो का तेही बघतात. ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर त्या पॅनलमध्ये नसतात. "अंत्यविधीला उठून बसला" छाप फॉरवर्ड येतात ना, त्यातल्या कोणाची ही तपासणी झालेली नसते.

डोनर कार्ड काढलं तर डॉक्टर मला वाचवायचा प्रयत्न सोडून देतील, अशी भीती वाटते.

तुमच्यावर उपचार करणारी टीम वेगळी, ट्रान्सप्लांटची वेगळी, आणि ॲक्सिडेंटमध्ये आलेल्या पेशंटच्या पाकिटातलं कार्ड कोणी शोधत बसत नाही. अवयवदानाचा विषय ब्रेन डेथ जाहीर झाल्यावरच निघतो.

कार्ड कुठे मिळतं?

नोटो, म्हणजे अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या वेबसाइटवर आधारला जोडलेल्या मोबाइलवरून होतं, १८ वर्षं पूर्ण हवीत, ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्ममध्येही विचारतात. पण खरं सांगू का, कार्डपेक्षा घरात बोलणं महत्त्वाचं. तुम्ही कार्ड काढलेलं असलं तरी शेवटी सही घरचेच करतात, आणि ते नाही म्हणाले तर दान होत नाही. आणि ते नाही म्हणतात ते वाईट असतात म्हणून नाही, त्यांना माहीतच नसतं की ह्यांची इच्छा काय होती, मग एक काका गावाहून फोनवर म्हणतात "नको रे, शरीराची चिरफाड" आणि विषय संपतो. रविवारी जेवताना बोला. बायको, मुलं आणि तो फोनवरचा काका, तिघांना माहीत हवं.

घरी मृत्यू झाला तर किडनी देता येते?

नाही. हृदय थांबलं की किडनी, लिव्हर खराब व्हायला लागतात, म्हणून ते आपल्याकडे जवळजवळ नेहमी आयसीयूत ब्रेन डेड झालेल्याचेच घेतात. म्हणजे शंभरातल्या फार थोड्यांच्या वाट्याला ती संधी येते. पण घरी गेलेल्या माणसाचे डोळे आणि त्वचा देता येते, दोन्हीसाठी ६ तासांच्या आत नेत्रपेढीला आणि त्वचापेढीला फोन करायचा, टीम घरी येते. पंखा बंद करा, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डायबेटिस, वय नव्वद, काहीही असलं तरी विचारा, बहुतेक वेळा चालतं. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, मांडी-पाठीची अगदी पातळ वरची साल घेतात, रक्त वाहत नाही, आणि भाजलेल्या माणसाचा जीव त्याने वाचतो. आपल्या दारातच ही सोय असून किती जणांना ठाऊक आहे? नंबर आजच फ्रिजवर चिकटवा, त्या वेळी गूगल करायचं कोणाला सुचत नाही.

पुढच्या जन्मी आंधळा होईन असं आजी म्हणते. धर्मात चालतं का?

आजीला दधीची ऋषींची गोष्ट तुमच्यापेक्षा चांगली माहीत असेल, तिलाच सांगायला लावा. हाडं दिली त्यांनी. शरीर नीट शिवून, स्वच्छ करून देतात, अंत्यदर्शनाला काही कळत नाही, विधी सगळे होतात. वेळ मात्र लागतो, अर्धा ते एक दिवस धरून चाला, तेव्हा नातेवाइकांना स्मशानाची वेळ घाईने कळवू नका.

ॲक्सिडेंट केस असेल, पोस्टमॉर्टेम असेल तर?

होतं तरीही. पोलीस आणि फॉरेन्सिकची परवानगी हॉस्पिटलचा को-ऑर्डिनेटरच मिळवतो. आपल्याकडे सायन-पनवेल आणि घोडबंदरवर बाइकवरून पडून डोक्याला मार लागलेले तरुण ब्रेन डेड होतात, हे बोलताना आमचीच जीभ अडखळते. हेल्मेट घाला रे बाबांनो, आम्हाला असे दाते नको आहेत.

देहदान आणि अवयवदान एकच ना?

नाही. देहदान म्हणजे मेडिकल कॉलेजला शिकण्यासाठी अख्खं शरीर देणं, ते नैसर्गिक मृत्यूनंतर. अवयव काढलेलं किंवा पोस्टमॉर्टेम झालेलं शरीर कॉलेज सहसा घेत नाही, नेत्रदान केलेलं मात्र चालतं. दोन्ही फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही, जशी वेळ येईल तसं.

पैशाचं काय? दात्याच्या घरच्यांना बिल लागतं का, आणि पेशंटने कुठून आणायचे?

अवयवदानाला संमती दिल्यानंतरचा, अवयव जपण्या-काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घेत नाहीत, त्याआधीच्या उपचाराचं बिल मात्र असतं. अवयवाचे पैसेही मिळत नाहीत आणि अवयव कोणाला गेला हेही कळवत नाहीत. पेशंटसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, डायलिसिस त्यात बसतो, आणि २०२३ च्या निर्णयानुसार किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाखांची मर्यादा आहे. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं आधी जुळवून ठेवा, तिथेच जास्त लोक अडकतात. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा, काउंटरवर विचारून परत येऊ नका. ट्रान्सप्लांट झालं की खर्च संपत नाही, टॅक्रोलिमससारख्या गोळ्या आयुष्यभर आणि वेळच्या वेळी, बरं वाटतंय म्हणून बंद केल्या की शरीर किडनी नाकारतं. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या दात्याला ४२ दिवसांची विशेष रजा मिळते, हे पुष्कळ कर्मचाऱ्यांना माहीतच नाही.

आमच्या सोसायटीत कार्यक्रम ठेवायचाय, काय काय लागेल?

पैसे नको, शाल-श्रीफळ नको, आणि दीपप्रज्वलनात अर्धा तास घालवू नका प्लीज. एक माइक, एक भिंत. बीपीचं मशीन आम्ही आणतो. मॅच किंवा हळदीकुंकू नसलेला रविवार धरा, संध्याकाळी सहाची वेळ बरी पडते. लोकांना आपापले जुने रिपोर्ट घेऊन यायला सांगा, त्यावर खूप चर्चा होते. आणि डोनर कार्डाचे फॉर्म त्याच दिवशी भरून घेण्याचा आग्रह धरू नका, फोटोसाठी साठ फॉर्म भरलेले दिसतात पण घरी कोणाला पत्ता नसतो. फॉर्म घरी न्यायला द्या, नवरा-बायको-मुलं एकत्र बसू देत, पुढच्या महिन्यात मेंटेनन्सच्या मीटिंगला परत मागा. कमी येतील, पण घरी ठाऊक असलेले येतील.